बांधून पाहण्याचा अधिकार



ऑपरेटिंग सिस्टीम अद्ययावत करायची म्हणजे एक बटण दाबायचे आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत थांबायचे, एवढाच आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव आहे. त्या काही मिनिटांत दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्याच कुठल्या यंत्रावर तयार करून ठेवलेल्या बायनरी फाइली आपल्या डिस्कवर येऊन बसतात. त्या कशापासून घडल्या, कुणी घडवल्या, त्यांत नेमके काय आहे, हे विचारण्याची सोय बहुधा नसते. असली तरी आपण विचारत नाही. युनिक्सच्या कुळातल्या काही प्रणालींत मात्र दुसरा मार्ग अजून जिवंत आहे. संपूर्ण प्रणालीचा सोर्स कोड आणायचा, आपल्याच यंत्रावर तो कंपाइल करायचा, आणि चालू असलेल्या जुन्या प्रणालीच्या हातूनच नवी प्रणाली तिच्या जागी बसवायची. फ्रीबीएसडीचे उदाहरण धरून आज मी या मार्गाबद्दल बोलणार आहे. हा मार्ग सर्वांनी रोज वापरावा असे माझे म्हणणे नाही. तो प्रत्येकाला खुला असला पाहिजे, आणि तो खुला राहावा म्हणून काही लोकांनी त्यावरून सतत ये-जा ठेवली पाहिजे, असे मात्र मी आग्रहाने म्हणतो. ज्या प्रणालीला तिचे वापरकर्ते मुळापासून पुन्हा बांधू शकत नाहीत, तिचा सोर्स कोड जाहीर असला तरी तिच्या खुलेपणाची परीक्षा झालेली नसते.

ही प्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालते ते आधी पाहू, कारण माझा युक्तिवाद तिच्या तपशिलांवरच उभा आहे. फ्रीबीएसडीत कर्नल, सी भाषेची मूळ लायब्ररी, कंपायलर, शेल आणि रोजची सारी साधने एकाच भांडारात, एकाच सलग इतिहासासह राहतात. लिनक्समध्ये कर्नल एका प्रकल्पाचा, लायब्ररी दुसऱ्याची, साधने तिसऱ्याची, आणि त्या सगळ्यांची मोट वितरण तयार करणारे बांधतात. फ्रीबीएसडीत सगळे एका छपराखाली असल्यामुळे ‘संपूर्ण प्रणाली बांध’ असे एका आज्ञेत सांगता येते. ‘बिल्डवर्ल्ड’ ही आज्ञा कर्नल सोडून बाकीचे सारे बांधते आणि ‘बिल्डकर्नल’ कर्नल बांधते. यातली बिल्डवर्ल्ड थेट नव्या प्रणालीला हात घालत नाही. जुन्या प्रणालीवर चालतील अशी नवी अवजारे ती आधी तयार करते, गरज असेल तर नवा कंपायलरसुद्धा, आणि मग त्या अवजारांनी उरलेले सगळे घडवते. त्यामुळे जुन्या यंत्रावर योगायोगाने पडून असलेली एखादी लायब्ररी किंवा हेडर फाइल नव्या प्रणालीत नकळत मिसळत नाही. तयार झालेला सगळा माल एका वेगळ्या डिरेक्टरीत साठतो. चालू प्रणालीला तोवर धक्काही लागलेला नसतो. कंपायलेशन अर्ध्यावर असताना वीज गेली, तरी वीज आल्यावर यंत्र कालच्यासारखेच उभे राहते.

मग येते बसवण्याची वेळ, आणि इथला क्रम मोडून चालत नाही. आधी नवा कर्नल बसवायचा, यंत्र रीबूट करायचे, नवा कर्नल नीट चालतो याची खात्री करायची आणि त्यानंतरच बाकीची प्रणाली बसवायची. यामागचे कारण असे, की नवा कर्नल जुन्या प्रोग्रामांची भाषा ओळखतो, जुन्या कर्नलला मात्र नव्या प्रोग्रामांची भाषा ठाऊक नसते. मे २०१७ मध्ये फ्रीबीएसडीच्या विकासशाखेत झालेला एक बदल पाहा. फाइल सिस्टीममधल्या प्रत्येक फाइलला आयनोड क्रमांक असतो. तो तोवर ३२ बिटांचा होता, तो ६४ बिटांचा केला गेला. वरवर पाहता एका आकड्याची रुंदी वाढली. पण फाइलची माहिती कर्नलकडून मागणाऱ्या रचनांचा आकार त्यामुळे बदलला, त्यांच्यासाठी नवे सिस्टीम कॉल आले, आणि नवी सी लायब्ररी तेच वापरू लागली. क्रम उलटा करून ज्याने जुन्या कर्नलवर नवी लायब्ररी बसवली असेल, त्याची साधी साधनेही अडखळण्याचा धोका होता. सोर्स कोडसोबत येणाऱ्या ‘अपडेटिंग’ नावाच्या फाइलमध्ये २३ मे २०१७ या तारखेखाली याची सूचना दिलेली आहे: हा बदल जागच्या जागी करताना काळजी घ्या, ठरलेली पद्धत पाळा. आणि ज्यांनी ती पाळली, त्यांचे जुने प्रोग्राम नव्या कर्नलवर पूर्वीसारखे चालत राहिले, कारण जुने कॉलही कर्नलने जपून ठेवले होते. एवढा खोल बदल चालत्या प्रणालीच्या पोटात, तिच्याच अवजारांनी करता आला.

यानंतरच्या दोन पायऱ्या लहान आहेत, पण त्यांतली जाण मोठी आहे. यंत्राच्या मालकाने आपल्या सोयीने बदललेल्या कॉन्फिगरेशन फाइली नव्या मूळ प्रतीशी जुळवताना ‘इटीसीअपडेट’ हे साधन तीन प्रती समोर ठेवते: जुनी मूळ, मालकाने बदललेली आणि नवी मूळ. जिथे दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या तिथे ते दोन्ही बदल राखते. जिथे एकाच ओळीवर वाद आहे तिथे माणसाला विचारते. कालबाह्य झालेल्या लायब्ररी सर्वांत शेवटी काढायच्या असतात, कारण बाहेरून बसवलेला एखादा प्रोग्राम तोवर त्यांच्यावर विसंबून असू शकतो. प्रकाशन तयार करणाऱ्या तज्ज्ञाला जे ठाऊक असायला हवे ते सगळे इथे मेकफाइलींत आणि सूचनांत उतरले आहे. ते कुणा एकाच्या डोक्यात राहत नाही. शिवाय विकासक स्वतः आठवड्यामागून आठवडा याच वाटेने आपापली यंत्रे पुढे नेत असतात. म्हणून वाट कुठे खचली तर ते दिवसांत कळते, त्यासाठी वर्षे जावी लागत नाहीत.

हे सगळे कुठून आले याचा इतिहासही माझ्या बाजूने बोलतो. सत्तरच्या दशकात बेल लॅब्जचे युनिक्स विद्यापीठांकडे सोर्स कोडसह जात असे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कोड आणि त्यावरचे भाष्य विद्यार्थ्यांसाठी तयार केले. पुढे सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात कोड शिकवायला मनाई केली आणि ते भाष्य झेरॉक्स प्रतींच्या रूपाने जगभर फिरले. रीतसर पुस्तक म्हणून ते १९९६ मध्ये निघाले. शिकवता येईल असा कोड हवा म्हणून अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी मिनिक्स लिहिले, आणि मिनिक्स वापरता वापरता लिनस टोरवाल्ड्स लिनक्सकडे वळले. इकडे बर्कलेच्या संशोधकांनी आपल्या बीएसडी प्रणालीतून बेल लॅब्जची मालक असलेल्या एटी अँड टीचा कोड टप्प्याटप्प्याने काढून टाकला. १९९१ मध्ये त्यांनी ‘नेट/२’ प्रकाशित केले तेव्हा कर्नलच्या अवघ्या सहा फाइली बदलायच्या उरल्या होत्या. त्या सहा फाइली नव्याने लिहून विल्यम जॉलिट्झ यांनी ३८६बीएसडी उभे केले आणि त्यातूनच १९९३ मध्ये नेटबीएसडी व फ्रीबीएसडी निघाले. दरम्यान १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टीम लॅबोरेटरीजने या कोडवरून खटला भरला. १९९४ च्या आरंभी तडजोड झाली तेव्हा सुमारे १८,००० फाइलींपैकी तीन काढाव्या लागल्या आणि काहींत किरकोळ फेरफार करावे लागले. फ्रीबीएसडीला मात्र आपला नेट/२ चा पाया टाकून ‘४.४बीएसडी-लाइट’वर सारी इमारत पुन्हा रचावी लागली, आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये आवृत्ती २.० आली. न्यायालयीन वादाने पाया काढून घेतल्यावरही हा प्रकल्प टिकला, कारण आपली प्रणाली मुळापासून बांधायची कशी हे त्या लोकांच्या हातात होते.

आता अलीकडचा पुरावा. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी फ्रीबीएसडी प्रकल्पाच्या स्वतःच्या यंत्रसमूहात दोन यंत्रांवर घुसखोरी झाल्याचे उघड झाले. एका विकासकाची एसएसएच किल्ली चोरांच्या हाती लागली होती. ती यंत्रे बाहेरच्या सॉफ्टवेअरची तयार पॅकेजेस बांधण्याच्या जुन्या व्यवस्थेतली होती. प्रकल्पाने हे लपवले नाही. काही बदलले गेल्याचा पुरावा सापडला नाही, तरीही १९ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात उपलब्ध असलेल्या पॅकेजेसची हमी आपण देऊ शकत नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. मूळ प्रणालीच्या सोर्स कोडबद्दल मात्र ते खात्रीने बोलू शकले, कारण त्या भांडाराचा इतिहास होता, त्याच्या प्रती अनेकांकडे होत्या, आणि त्या एकमेकींशी ताडून पाहता येत होत्या. तयार बायनरीच्या बाबतीत ‘ही बदलली गेली का?’ या प्रश्नाला एकच प्रामाणिक उत्तर उरले: टाकून द्या आणि पुन्हा बांधा. पुन्हा बांधण्याची सोय नसती, तर ते उत्तरही उरले नसते.

मार्च २०२४ मधले एक्सझेड प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे, आणि माझ्या मताच्या विरोधकांनी त्याचा आधार घेतला तर ते रास्तच ठरेल. एक्सझेड हे फाइली आकुंचित करणारे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स प्रणालीत असते. सुमारे दोन वर्षे विश्वास कमावून सहदेखभालकर्ता बनलेल्या कुणीतरी, टोपणनावाआडून, त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. अँड्रेस फ्रॉइंड या विकासकाला एसएसएचने लॉगइन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले, त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला आणि २९ मार्चला सारा प्रकार उघड केला. आता आक्षेप असा, की लिनक्सच्या वितरणांनी एक्सझेड सोर्स कोडपासूनच तर बांधले होते; मग सोर्सने त्यांना कुठे वाचवले? पण त्यांनी बांधले ते प्रकाशनासाठी गुंडाळून दिलेल्या टारबॉलपासून. घातक माल चाचणीच्या बायनरी फाइलींच्या वेषात भांडारातही होता, परंतु तो जागा करणारी स्क्रिप्ट फक्त त्या टारबॉलमध्ये होती. भांडाराच्या इतिहासात ती नव्हती. फ्रीबीएसडीच्या विकासशाखांत ५.६.० आलेले होते, तरी तिथे चोरदरवाजाचे भाग आयात करतानाच वगळले गेले होते आणि मूळ प्रकल्पाची बांधणीव्यवस्था फ्रीबीएसडी वापरतच नव्हते. ते आपल्या मेकफाइलींनी बांधत होते. हल्ल्याचे लक्ष्य लिनक्स होते हेही खरे, आणि म्हणून यात फ्रीबीएसडीची बढाई मारण्यात अर्थ नाही. या प्रकरणाने एक अट मात्र स्पष्ट केली. विकासक जिथे बदल करतात आणि जिथे प्रत्येक बदलाला तारीख व नाव असते, तोच खरा सोर्स. वाटेत कुणीतरी बांधून दिलेले गाठोडे, मग त्यात सी भाषेच्या फाइली का असेनात, मूळ नव्हे. सोर्सपासून अद्ययावत करण्याची शिस्त आपल्याला थेट त्या मुळापाशी नेते.

याहून मूलगामी आक्षेप केन थॉम्प्सन यांनी चाळीस वर्षांपूर्वीच घेऊन ठेवला आहे. डेनिस रिची यांच्यासोबत मिळालेल्या १९८३ च्या ट्युरिंग पुरस्काराचे त्यांचे भाषण ऑगस्ट १९८४ मध्ये छापले गेले. त्यात त्यांनी दाखवले, की कंपायलरच्या बायनरीत असा चोरदरवाजा ठेवता येतो जो लॉगइन प्रोग्राम कंपाइल होताना त्यात शिरेल आणि कंपायलर पुन्हा कंपाइल होताना स्वतःची प्रत त्यातही उतरवेल. सोर्स कोड कितीही वाचा, त्यात काहीच दिसणार नाही. मग मुळापासून बांधण्याला काय किंमत राहिली? हा आक्षेप कुणी हलक्याने घेऊ नये. पण त्याचे उत्तरही बांधण्यातूनच आले. डेव्हिड व्हीलर यांनी २००९ च्या आपल्या प्रबंधात मांडलेली पद्धत अशी: संशयित कंपायलरचा सोर्स दुसऱ्या, स्वतंत्र घराण्याच्या कंपायलरने बांधायचा, मिळालेल्या कंपायलरने तोच सोर्स पुन्हा बांधायचा, आणि संशयित कंपायलरने स्वतःला बांधून जी बायनरी मिळते तिच्याशी हा निकाल बिट बिट ताडून पाहायचा. दोन्ही घराण्यांत एकच चोर बसलेला असणे अतिशय अवघड. ग्विक्स प्रकल्प तर २०२३ मध्ये ३५७ बाइटांच्या एका प्रोग्रामपासून आरंभ करून पायरीपायरीने पूर्ण कंपायलरपर्यंत पोहोचला. ३५७ बाइट माणूस स्वतः डोळ्यांनी वाचू शकतो. थॉम्प्सन यांच्या इशाऱ्यावर आजवर निघालेले हे उपाय ज्याला पुन्हा बांधता येते त्यालाच उपलब्ध आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: लक्षावधी ओळींचा हा कोड वाचतो कोण? बांधणारा माणूस वाचत नाहीच; तो आज्ञा देतो आणि पडद्यावर सरकणाऱ्या ओळी पाहतो. आक्षेपाला पुरावाही आहे. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये एका दुरुस्तीने यादृच्छिक संख्यांचा स्रोतच जवळजवळ आटवला; त्यापासून तयार झालेल्या किल्ल्या ओळखता येण्याजोग्या झाल्या, आणि मे २००८ पर्यंत हे कुणाच्या लक्षात आले नाही. कोड सगळ्यांच्या समोर होता. हे मी मान्य करतो. तरीही पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवा. १९१९ मध्ये आरंभलेले आणि विष्णु सीताराम सुकथनकरांनी शास्त्रशुद्ध पायावर आणलेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. तिच्या पानापानावर संहितेखाली पाठभेद दिलेले आहेत. महाभारत वाचणाऱ्या हजारांतला एखादाच त्या तळटिपा पाहतो. पण त्या छापलेल्या असल्यामुळे संपादकाचा प्रत्येक निर्णय कुणालाही, कधीही, पुन्हा तपासता येतो, आणि हे ठाऊक असलेला संपादक वेगळ्या जबाबदारीने काम करतो. डेबियनच्या बाबतीतही चूक उमगल्यावर कोणत्या दिवशी, कोणत्या ओळीत, कोणत्या आवृत्तीपासून ती शिरली आणि कुणाकुणाच्या किल्ल्या बदलायला हव्यात, हे सांगता आले. बंद बायनरीत अशी चूक सापडली असती, तर तिची व्याप्ती निर्मात्याच्या शब्दावर मानावी लागली असती.

राहिला खर्चाचा आक्षेप, आणि तो मला अर्धा मान्य आहे. एकच कोड लाखो यंत्रांवर लाख वेळा कंपाइल करण्यात वेळ आणि वीज दोन्ही वाया जातात. नुसता क्लँग कंपायलर बांधायलाच एकूण वेळेचा मोठा वाटा लागतो. सोर्सपासून बांधले की यंत्र वेगाने चालते, हा जुना दावा आजच्या बहुतेक कामांसाठी टिकत नाही, आणि या मार्गाच्या समर्थकांनी तो सोडून द्यावा. प्रकल्पांनीही वस्तुस्थिती ओळखली आहे. कॉलिन पर्सिव्हल यांनी लिहिलेले ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ हे बायनरी अद्ययावतीकरणाचे साधन कितीतरी वर्षांपासून मूळ प्रणालीचाच भाग आहे. ओपनबीएसडीने २०१९ मध्ये ‘सिसअपग्रेड’ आणले आणि सामान्य वापरकर्त्याला ते बायनरीचाच मार्ग सुचवतात. सोर्सपासून बांधणे ही ज्याची ओळख, त्या जेंटू लिनक्सनेही डिसेंबर २०२३ मध्ये तयार पॅकेजेस द्यायला सुरुवात केली. यावरून कुणी म्हणेल, की हा मार्ग आता ओस पडत चालला. मला यातून उलटी गोष्ट दिसते. तयार बायनरीवर विश्वास ठेवायचा तर तो कशाच्या बळावर ठेवायचा, याचे उत्तर गेल्या दशकात सापडले आहे, आणि ते पुनरुत्पादनक्षम बांधणीत आहे. पूर्वी एकाच सोर्सपासून दोन यंत्रांवर बांधलेल्या बायनरी क्वचितच जुळत, कारण त्यांत बांधणीची वेळ, डिरेक्टरीचे नाव, फाइली वाचल्याचा क्रम असल्या गोष्टी झिरपत. त्या एकेक करून हुडकून बंद केल्या, की पुण्यात बांधलेली आणि बर्लिनमध्ये बांधलेली फाइल शेवटच्या बिटापर्यंत सारखी निघते. नेटबीएसडीने फेब्रुवारी २०१७ मध्ये हे साधल्याचे जाहीर केले. डेबियनमध्ये त्यावर मोठे काम झाले आहे. फ्रीबीएसडीनेही हे उद्दिष्ट गाठण्यासाठी वर्षानुवर्षे दुरुस्त्या केल्या आहेत. अशा व्यवस्थेत हजारातल्या दहांनी स्वतंत्रपणे बांधून निकाल जुळवला, तरी उरलेले नऊशे नव्वद तयार फाइल निश्चिंतपणे घेऊ शकतात. मात्र ते दहा असलेच पाहिजेत, ते एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत, आणि त्यांपैकी काही तरी त्या प्रकल्पाच्या पगारावर नसलेले असावेत.

हे दहा लोक येणार कुठून, हा प्रश्न मला आपल्या शिक्षणसंस्थांना विचारावासा वाटतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात संगणक अभियांत्रिकी शिकवणारी महाविद्यालये गावोगाव आहेत, आणि ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय तिथे शिकवला जातो. शेड्युलिंगच्या आकृत्या आणि डेडलॉकची उदाहरणे विद्यार्थी सोडवतात. ज्या प्रणालीवर बसून ते हे लिहितात, तीच प्रणाली मुळापासून बांधून बसवण्याचा सरावही अभ्यासक्रमात असावा. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. साधे डेस्कटॉप यंत्र, डिस्कवर काही डझन गिगाबाइट मोकळी जागा, भांडार उतरवण्यापुरते इंटरनेट आणि रात्रभर यंत्र चालू ठेवण्याची परवानगी एवढे पुरते. यंत्र बिघडेल ही भीतीही आता फारशी उरलेली नाही. झेडएफएस फाइल सिस्टीमवर ‘बेसीटीएल’ने बसवण्याआधीचे बूट एन्व्हायर्नमेंट जतन करून ठेवले, की नवी बांधणी फसल्यास लोडरच्या यादीतून जुनी प्रणाली निवडून काही मिनिटांत पूर्ववत होता येते. पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांनी स्थिर शाखा बांधावी आणि दोघांनी एकाच कमिटपासून वेगवेगळ्या यंत्रांवर बांधलेल्या फाइली ताडून पाहाव्यात. जिथे त्या जुळणार नाहीत तिथे कारण शोधावे आणि दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवावी. प्रकल्पांना अशा दुरुस्त्यांची गरज असते, आणि त्या पाठवणाऱ्याचा पत्ता सांगलीचा आहे की म्हापशाचा, हे तिथे कुणी पाहत नाही.